पाय कुणाचा

कुठलीही गाडी आत घेण्याआधी युवराज मेस्त्री एकच प्रश्न विचारायचा. "पाय कुणाचा?" नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, या माणसाचं डोकं फिरलंय. मग युवराज खुर्ची पुढं सरकवायचा, चहा सांगायचा आणि समजावून द्यायचा की इंजिन कंपनी बनवते, पण चालतं ते चालवणाऱ्याच्या पायावर, आणि पायाची चौकशी करून इंजिन जुळवणारा ट्यूनर अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे. हे शेवटचं तो जरा मोठ्यानं म्हणायचा, शेजारच्या गाळ्यात ऐकू जावं म्हणून.

बढाई होती, पण अगदीच पोकळ नव्हती. विजेच्या गाड्या शहरांनी केव्हाच आपल्याशा केल्या होत्या. शाहूवाडी, राधानगरी, संगमेश्वर असल्या चढउताराच्या तालुक्यांत मात्र चार्जिंगचा भरवसा नव्हता आणि साखर कारखाने इथेनॉल ओतायला तयारच बसले होते. त्यामुळे तिथं अजून तीन सिलिंडरची, टर्बोची लहान इंजिनंच धावत होती. असल्या इंजिनाला इंधन किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोनं आत हवा किती कोंबायची, हे सगळं हाताच्या पंजाएवढा एक कंट्रोलर ठरवतो. त्यात आकड्यांचा तक्ता भरलेला असतो. धंद्यात त्याला मॅप म्हणतात.

कंपनीचा मॅप लाखो गाड्यांना एकच. कुणी भेसळीचं इंधन भरतं, कुणी विदर्भाच्या उन्हात गाडी तापवतं, कुणी दोन-दोन वर्षं ऑइल बदलत नाही, कुणी घाटात अचानक पाय दाबतं. या सगळ्यांना पुरावी म्हणून कंपनी प्रत्येक इंजिनात थोडी ताकद राखून ठेवते. घाट चढताना टर्बो सतत जागा ठेवते, न जाणो लागला तर. या न जाणोपायी इंधन जळत राहतं. युवराजच्या धंद्यातली माणसं वर्षानुवर्षं त्या राखीव ताकदीतलीच थोडी काढून गिऱ्हाइकाच्या पदरात टाकत आली होती. कंपन्या त्याला 'बाहेरचं सॉफ्टवेअर' म्हणत, नाक मुरडत आणि वॉरंटी काढून घेत.

युवराज त्याच्याही पुढं गेला. सात वर्षं खपून त्यानं 'सवय' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. सवय रोज शिकायची. हा माणूस कुठल्या चढाला पाय दाबतो, कुठं सोडतो, कुठल्या वळणावर ट्रकमागं गपगुमान रांगत राहतो, हे ती रस्त्यागणिक टिपून ठेवायची. पाय जिथं मागणार तिथं ताकद आधीच तयार. जिथं मागणार नाही तिथं टर्बो झोपलेला, इंधनाची धार बारीक. महिनाभरात गाडी मालकाला मापाच्या सदऱ्यासारखी बसायची आणि लिटरमागं सात-आठ किलोमीटर जादा द्यायची.

त्यात आणखी एक खुबी होती, खास आपल्या रस्त्यांसाठी, आणि युवराजला तिचाच सगळ्यांत जास्त अभिमान. गाडी खड्ड्यात आदळली की चपलेतला पाय उडतो, पेडल उगाच दाबलं जातं आणि इंजिन फुकट गुरगुरतं. सवय या दाबाला भुलत नसे. सवयीबाहेरचा दाब आला की ती जरा थांबायची, पाय खरंच तिथं आहे याची खात्री करून घ्यायची आणि मगच हुकूम मानायची. परदेशातल्या वातानुकूलित प्रयोगशाळेत हे कुणाला सुचलं नसतं, असं तो म्हणायचा. ते खरंही होतं.

धैर्यशील खोत हा त्याचा आयटीआयपासूनचा दोस्त. मलकापुरात त्याचं औषधांचं दुकान होतं आणि आठवड्यातून दोनदा तो आंबा घाट उतरून साखरप्याकडच्या दवाखान्यांना औषधं पोचवायचा. नाव धैर्यशील, पण घाटात मागून कुणी हॉर्न मारला तरी हा गाडी कडेला घेऊन उभा. त्याची बायको विशाखा साखरप्याची. तिच्या वडिलांचा जांभ्या दगडाचे चिरे वाहायचा ट्रक होता आणि लग्नाआधी ती तो भरलेला ट्रक खाणीतून मागं-मागं घेत बाहेर काढायची. त्या घाटात तिच्याइतका सफाईचा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे तालुक्याला ठाऊक होतं. धैर्यशीलला ते सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, म्हणूनच चार माणसांत विषय निघाला की त्याला खोकला यायचा.

मार्चमधल्या एका सकाळी दोघं नवी गाडी घेऊन उद्यमनगरात युवराजच्या गाळ्यावर आली. विशाखानं युवराजच्या घरासाठी कोकमाच्या आगळाची बाटली आणली होती. बाटलीची पिशवी टेबलावर ठेवून ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

"पाय कुणाचा?" युवराजनं विचारलं. दोस्त असला म्हणून काय, प्रश्न चुकायचा नाही.

"माझाच की," धैर्यशील म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा असणार?"

युवराजचं बोट टॅबवर थांबलं. सवयीत दुसऱ्या चालकाची सोय होती. त्या माणसानं पंधरा दिवस गाडी चालवायची, की त्याचा पायही सवय वेगळा ओळखायला लागायची. त्यानं विशाखाकडं पाहिलं. विशाखानं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा वर पत्र्याकडं बघत होता.

"वैनी, तुमी..."

"ती कधीमधी बाजारात नेती," धैर्यशील मधेच म्हणाला. "तेवढ्याला काय नोंद करायची? लिव एकच."

विशाखा हसली. "लिहा भावोजी, ते म्हणतायत तसं."

युवराजनं लिहिलं. उद्यमनगरात पद्धतच ती होती. गाडीचं विचारायचं ते मालकाला, आणि बाईमाणसाला विचारायचं ते चहात साखर किती. नवऱ्यानं एकदा 'माझाच' म्हटल्यावर त्याच्या तोंडावर बायकोचं नाव लिहायचं म्हणजे दोस्ताची लाज काढल्यासारखं झालं असतं. जी बाई महिन्यातून एकदा स्वतः गाडी हाकत त्याच्या दारात येत होती, तिच्या देखत त्यानं 'चालक: एक' अशी नोंद केली आणि वर तिला म्हणाला, आगळ झकास हाय वैनी, मागच्या खेपेचं अजून संपलं न्हाई.

मेच्या शेवटच्या आठवड्यात विशाखा एकटीच आईला भेटायला साखरप्याला गेली. जाताना घाट उतरायचा होता. उतरताना इंजिनाकडं कुणी ताकद मागत नाही, त्यामुळे तिला काही वेगळं जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती परत निघाली आणि दुपारी एकच्या सुमाराला युवराजचा फोन वाजला. पलीकडं धैर्यशील होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "युवा, गाडी दरीत गेली," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. गाडीत कोण होतं हे युवराजला विचारावं लागलं नाही.

नव्या कायद्यानं प्रत्येक गाडीत नोंदपेटी सक्तीची केली होती. अपघात झाला की पेटी स्वतःच कारण ठरवायची, आणि तिला कारणं तीनच माहीत होती: रस्ता, यंत्र, चालक. रस्ता कोरडा होता. यंत्राचा एकही भाग मोडला नव्हता. त्याला जसं वागायला शिकवलं तसंच ते वागलं होतं. राहिला चालक. गाडीत बाहेरचं सॉफ्टवेअर असल्यामुळे अहवालावर ट्यूनरची सही लागत होती. तपासणी अधिकारी कागद घेऊन गाळ्यात आला. "यंत्रात दोष आढळला नाही, एवढंच आहे," तो म्हणाला. "दोन दिवसांनी न्यायला येतो. सावकाश वाचा."

युवराजनं सावकाश वाचलं. सवयीच्या आतल्या नोंदी वाचू शकणारा माणूस तेव्हा जगात तो एकटाच होता.

घाटात तिच्यापुढं चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता. चौथ्या वळणानंतर रस्ता सरळ झाला. समोर अडीचशे मीटर रिकामे होते. तिनं गाडी उजवीकडं काढली आणि पाय पुरता दाबला. अंतर तिनं बरोबर जोखलं होतं. युवराजनं कंपनीचा मूळ मॅप लावून पाचदा गणित केलं, आणि पाचही वेळा ती ट्रक मागं टाकून पुढच्या वळणाच्या साठ मीटर आधी आपल्या बाजूला आली. पण गाडीत कंपनीचा मॅप नव्हता. धैर्यशील त्या रस्त्यानं बावीस वेळा चढला होता आणि बावीसही वेळा त्या सरळ तुकड्यावर कुठल्या ना कुठल्या ट्रकमागं रांगत राहिला होता. म्हणून तिथं टर्बो झोपलेला होता, इंधन बारीक होतं. आणि विशाखाच्या पायाचा तो पुरता, ठाम दाब सवयीला खड्ड्यातल्या झटक्यासारखा वाटला. सवय थांबली. खात्री करायला लागली. दोन पूर्णांक एक दशांश सेकंद गाडीनं काहीही केलं नाही.

त्या दोन सेकंदांत पुढच्या वळणातून टेम्पो बाहेर आला. डावीकडं ट्रक होता. तिनं गाडी उजवीकडच्या कठड्याकडं घेतली. टेम्पोत सहा माणसं होती, ती सगळी घरी गेली.

युवराज गाळ्याचं शटर ओढून आत बसला आणि तोंडात रुमाल धरून रडला. त्याला ती खुर्चीवर बसलेली दिसत होती. लिहा भावोजी, म्हणणारी.

तरी त्यानं सही केली. ज्या कंपनीनं वीस वर्षं त्याच्या धंद्याला चोरांचा धंदा म्हटलं, तीच आता सवय आपल्या गाड्यांत अधिकृतपणे घ्यायला निघाली होती. दीड वर्ष चाचण्या चालल्या होत्या. शेवटची अट एकच उरली होती: यंत्रदोषाचा एकही अपघात नको. उद्यमनगरातल्या पत्र्याखाली लिहिलेल्या प्रोग्रॅमवर कंपनीचा शिक्का, याची तो सात वर्षं वाट बघत होता. आणि शिक्का बाजूला ठेवला तरी भीती होतीच, तुरुंगाची आणि त्याहून जास्त धैर्यशीलच्या नजरेची. सही करताना तो स्वतःला म्हणाला, विशाखा काही परत यायची नाही. ते खरं होतं आणि सहीशी त्याचा काही संबंध नव्हता.

शिक्का मिळण्याआधी पुण्यात एक बैठक झाली. कंपनीच्या प्रकल्पप्रमुख देवस्थळीबाई हुशार होत्या, सवयीतली ओळ न् ओळ त्यांनी वाचली होती. युवराजनं घसा साफ करून विषय काढला.

"मॅडम, अनोळखी पाय बसला की राखीव ताकद परत द्यायला पायजे. ती खड्ड्याची खात्रीपण काढून टाका."

"मग मायलेज गेलं," बाई म्हणाल्या. "आपण विकतोय तेच ते. आणि दुसऱ्या चालकाची सोय आहेच ना तुमच्यात? मालकानं नोंद करावी."

"मालक करत न्हाईत."

"का नाही करत?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. सांगायला गेलं तर मार्चमधल्या त्या सकाळपासून सांगावं लागलं असतं. "करत न्हाईत एवढं खरं," तो म्हणाला.

"गाडीच्या माहितीपुस्तकात ठळक छापू," देवस्थळीबाईंनी लिहून घेतलं, आणि त्यांनी शब्द पाळला. एकोणचाळिसाव्या पानावर ते ठळक छापलं गेलं.

मान्यता मिळाली त्या दिवसापासून सवयीला हात लावायचा हक्क फक्त कंपनीला उरला. कंट्रोलरला सील लागलं. बाहेरचं सॉफ्टवेअर होतं तोवर युवराज निदान लॅपटॉप जोडून आपलीच चूक आपण खोडू शकला असता. आता शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीसमोर तो इतरांसारखाच एक गिऱ्हाईक होता. कोल्हापुरात त्याचा सत्कार झाला, शाल मिळाली, फोटो छापून आला. शेजारच्या गाळ्यातला माणूससुद्धा येऊन हातात हात देऊन गेला.

अडीच वर्षांत सवय आठ लाख गाड्यांत गेली. शंभरातल्या सहा मालकांनी दुसरा चालक नोंदवला. बाकीच्यांच्या घरात चावी दाराशेजारच्या खिळ्याला आणि गाडी ज्याला लागेल त्याची, जशी ती कायमच होती. शोरूममध्ये विचारलं की घरोघरचे पुरुष एकच उत्तर देत, मीच. मग बायका, सुना, लेकी घाटात पाय दाबत आणि गाडी खात्री करत बसे. पेट्या कारण लिहीत: चालक. वर्तमानपत्रांनी आकडे छापले की घाटरस्त्यांवर महिला चालकांचे अपघात दुपटीनं वाढले. टीव्हीवर एका तज्ज्ञानं बायकांच्या निर्णयक्षमतेवर अर्धा तास काढला. विमा कंपन्यांनी बाईच्या नावावरच्या गाडीचा हप्ता वाढवला. युवराज हे सगळं वाचायचा आणि वर्तमानपत्राची घडी घालून ठेवायचा. खरं कारण जगात आपल्या एकट्यालाच माहीत आहे असं तो धरून होता, आणि तो रोज सकाळी साडेनऊला गाळा उघडत होता.

मलकापुरात तर विशाखाचं नावच खराब झालं. ज्यांनी तिला भरलेला ट्रक मागं घेताना पाहिलं होतं तीच माणसं म्हणायला लागली, हात चांगला होता, पण शेवटी बाईमाणूस, घाटात गडबडली. आया पोरींना सांगायच्या, बघितलंस ना खोतांच्या विशाखाचं काय झालं.

तिच्या मुलीला, अन्विताला, वीस वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी युवराजच्या कानावर आलं की तिला आरोग्यसेविकेची नोकरी लागतेय. आंब्याजवळचं उपकेंद्र, हाताखाली डोंगरातल्या सात वाड्या, आणि गाडी चालवता येणं ही अट. आईनं तिला दोन वर्षं शिकवली होती, हातही आईचाच होता. पण बाप चावी देत नव्हता. युवराजला वाटलं, आता गप्प बसलो तर माणूस म्हणवून घ्यायला नको. तो दुपारचाच मलकापूरला गेला. दुकानासमोर धैर्यशीलची नवी गाडी उभी होती, कंपनीची, सवयवाली, सीलबंद.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. धैर्यशील मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं निवडत होता. युवराज उभ्यानंच बोलला.

"धैर्या, वैनीचं काय बी चुकलं न्हवतं. गाडीनं दोन सेकंद खाल्ली. माझ्या प्रोग्रॅमनं."

धैर्यशीलचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय मला."

"म्हाईत हाय?"

"पाय कुणाचा म्हणून तू इचारलंस. माझाच म्हणालो मी. ती तितंच बसली हुती." त्यानं एक पाकीट उलटं करून तारीख बघितली. "गाडी कशी शिकती ते तूच मला सांगितलं हुतंस की. महिनाभरात कळलं मला."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू का न्हाई बोललास?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"पोरीला सांगायला आलोय मी," युवराज म्हणाला.

"नको." धैर्यशीलनं पहिल्यांदा मान वर केली. त्याचे डोळे कोरडे होते, आणि युवराजला ते बघवेनात. "तिला वाटतंय आईचं चुकलं. वाटू दे. आई गेली तिची. बाप तरी राहू दे."

"मग गाडीत तिचं नाव घाल. शोरूमला जा, मालकाची संमती लागती तेवढी. दोन मिन्टाचं काम हाय."

"घातलं असतं रं. पण घातलं की ती इचारणार, बाबा, हे असं असतंय तर मग आईचं का न्हाई घातलं?"

माणूस स्वतःला वाचवायला किती बारीक विचार करतो, हे युवराजनं स्वतःवरून ओळखलं होतं.

तेवढ्यात अन्विता मागच्या दारानं दुकानात आली. आईसारखीच उंच, आईसारखीच थेट बघणारी. युवराजला पाहून तिचा चेहरा खुलला.

"काका, बरं झालं तुम्ही आलात. मला तुम्हालाच विचारायचं होतं. फोनवर नको वाटलं." ती काउंटरला टेकून उभी राहिली. "आईच्या गाडीची नोंद तुम्ही वाचलीत ना? तिचं नक्की काय चुकलं ते मला सांगा. अंतर चुकलं, गिअर चुकला, काय ते. तेवढं मी टाळेन. बाबांनाही पटेल मग."

धैर्यशील पाकिटं निवडत राहिला.

युवराजला खरं सांगता आलं असतं. चार वाक्यांचं काम होतं. पण चौथ्या वाक्यानंतर या दुकानात बाप आणि लेक दोन अनोळखी माणसांसारखी उभी राहिली असती, आणि तिसरा अनोळखी तो स्वतः. आणि खोटं सांगितलं, ती गाडीपासून लांब राहिली, तर निदान जगेल तरी. त्या एका क्षणात त्याला हे दयेसारखं वाटलं. ती दया नव्हती हे कळण्याइतका तो म्हातारा होता.

"घाई केली तिनं," तो म्हणाला. "ट्रकमागं थांबायला पायजे हुतं."

"आई कधी घाई करायची नाही, काका."

"त्या दिवशी केली."

"अंतर होतं ना पण समोर? मी जाऊन बघून आलेय. पावलांनी मोजलंय. जागा होती."

"न्हवती, पोरी. तिला वाटली."

अन्विता बापाकडं बघत नव्हती, युवराजकडंच बघत होती, अजून काहीतरी येईल म्हणून. मग हळूहळू तिनं ते बघणं सोडून दिलं.

"मला इतकी वर्षं वाटायचं, पेटी चुकली असेल," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे, तरी मी नाही मानलं. तुम्ही स्वतः वाचलंय म्हटल्यावर काय." तिचा आवाज अगदी साधा होता. "मग बाबा म्हणतात ते बरोबरच आहे."

तिनं मोबाईल काढला आणि तिथंच उभ्याउभ्या नोकरीला नकार कळवला.